मेयरने ब्लॉक केलं तर? अमेरिकेतल्या मराठी रहिवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेला बर्फाची सुट्टी, कचऱ्याच्या गाडीची बदललेली वेळ, प्रॉपर्टी टॅक्सची वाढ, पाणी उकळून पिण्याची सूचना: टाउनशिपचा निम्मा कारभार हल्ली मेयरच्या किंवा स्कूल बोर्डाच्या सदस्याच्या फेसबुक पेजवरून कळतो. तिथेच खाली प्रश्न विचारला म्हणून कुणी दार लावून घेतलं, तर तो घरगुती रुसवा आहे की घटनेचा भंग, हे ठरवायची एक कसोटी आता अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली आहे. खाली आहे ती सर्वसाधारण माहिती. स्वतःच्या प्रकरणासाठी त्या राज्यातल्या वकिलाचा सल्ला घ्याच.

मेयरने मला ब्लॉक केलं. हे बेकायदेशीर आहे का?

दरवेळी नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं रक्षण करणारी पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी माणसाचे नाही. मेयर हा दोन्ही आहे. खुर्चीवर बसला की सरकार, घरी गेला की तुमच्या-आमच्यासारखा माणूस, आणि त्या माणसालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. म्हणून खरा प्रश्न असतो तो हा: ब्लॉक करताना तो कोणत्या नात्याने वागला?

१५ मार्च २०२४ रोजी 'लिंडके विरुद्ध फ्रीड' खटल्यात सर्व न्यायमूर्तींनी एकमताने दोन अटी सांगितल्या. निकाल न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिला. पहिली अट, त्या विषयावर सरकारच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या व्यक्तीकडे खरोखर असला पाहिजे. दुसरी, त्या विशिष्ट पोस्टमध्ये ती व्यक्ती तोच अधिकार वापरत असल्याचं दिसलं पाहिजे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच ब्लॉक करणं हे सरकारचं कृत्य ठरतं. मग ते मत न पटल्यामुळे केलं होतं का, हे पाहायचं.

त्या खटल्यात नेमकं काय घडलं होतं?

मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन शहराचे सिटी मॅनेजर (म्हणजे प्रशासकीय प्रमुख) जेम्स फ्रीड. हे पद निवडून येण्याचं नाही, नेमणुकीचं आहे, पण कसोटी सगळ्यांना सारखीच लागते. कॉलेजात असताना काढलेल्या प्रोफाइलवर मित्रांची पाच हजारांची मर्यादा गाठत आली, तेव्हा त्यांनी त्याचं सार्वजनिक पेज केलं. २०१४ मध्ये नेमणूक झाल्यावर फोटो बदलला. सुटाच्या कॉलरवर शहराची पिन आली, माहितीच्या रकान्यात पदनाम, शहराच्या वेबसाइटची लिंक आणि शहराचा ईमेल आला. पोस्ट मात्र सरमिसळ: मुलीचे फोटो, बायबलमधल्या ओळी, घराची डागडुजी आणि त्यांच्याच शेजारी पानं उचलण्याची मोहीम, नदीतून पाणी घेण्याची व्यवस्था, रहिवाशांकडून मागवलेला अभिप्राय.

कोविडच्या काळात लिंडके नावाच्या एका रहिवाशाने शहराच्या कारभारावर टीका करणाऱ्या कमेंट टाकल्या. फ्रीड यांनी आधी त्या काढल्या आणि मग त्याला ब्लॉक केलं. त्याला पोस्ट वाचता येत होत्या, पण त्यांच्याखाली लिहिता येत नव्हतं. खालची दोन्ही न्यायालयं फ्रीड यांच्या बाजूने गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून नव्या कसोटीने फेरविचार करायला सांगितलं. म्हणजे 'नागरिक जिंकला' असंही नाही आणि 'अधिकारी जिंकला' असंही नाही. फॉरवर्डमध्ये दोन्ही वाचायला मिळतं, दोन्ही चूक आहे.

'खरोखर अधिकार आहे' हे दाखवायचं कसं?

सगळ्यात जास्त दावे इथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर. अधिकार येतो तो कायदा, ऑर्डिनन्स (शहराचा स्थानिक कायदा), नियम किंवा चालत आलेल्या प्रघातातून. नुसतं 'ते मेयर आहेत, म्हणजे बोलणारच' एवढं पुरत नाही. निकालातलं उदाहरण फार बोलकं आहे. समजा सिटी मॅनेजरने आरोग्यनियम मोडणाऱ्या हॉटेलांची यादी टाकली आणि खालच्या खोचक कमेंट काढल्या. सार्वजनिक आरोग्य हा विषय त्याच्या खात्यात येतच नसेल, तर ती पोस्टही सरकारी नाही आणि काढून टाकणंही नाही.

म्हणून दावा करायच्या आधी ही कागदपत्रं उघडून बघा: शहराची सनद आणि म्युनिसिपल कोड (बहुतेक शहरांचा कोड ऑनलाइन असतो, त्यात पदनाम टाकून शोधा), पदाचं कामाचं वर्णन, बोर्डाचे उपविधी, संपर्काविषयीचं धोरण. प्रघात दाखवायचा असेल तर जुनी प्रसिद्धिपत्रकं, सभांची इतिवृत्तं, शहराच्या वेबसाइटवर त्या पेजची दिलेली लिंक आणि आधीचे पदाधिकारी अशाच घोषणा करत होते याचे पुरावे जमवा.

स्कूल बोर्ड किंवा कौन्सिलच्या सुट्या सदस्याबाबत विशेष काळजी घ्या. अधिकार पुष्कळदा पूर्ण बोर्डाकडे असतो. पाचातल्या एका सदस्याला एकट्याने बोर्डाच्या वतीने बोलता येतं का, याचं उत्तर उपविधींत सापडतं.

पोस्ट पदाच्या नात्याने लिहिली होती हे कशावरून ओळखायचं?

समजा मेयरने लिहिलं, 'अमुक ऑर्डिनन्सनुसार पार्किंगच्या नियमांची अंमलबजावणी मी तात्पुरती थांबवत आहे,' आणि ही घोषणा दुसरीकडे कुठेच नाही. इथे पदाचा अधिकार उघड वापरला आहे. तीच बातमी शहराच्या वेबसाइटवर आधीच आहे आणि मेयरने नुसती लिंक शेअर केली, तर तो शेजाऱ्यासारखी माहिती पोचवत असण्याची शक्यता जास्त. पोस्ट टाकायला कार्यालयाचे कर्मचारी राबले असतील, तर 'हे माझं खासगी आहे' म्हणणं अधिकाऱ्याला जड जातं.

'हे माझं वैयक्तिक पेज आहे, मतं माझी स्वतःची' अशी पाटी असेल तर पारडं बरंच अधिकाऱ्याकडे झुकतं. पण ती पाटी म्हणजे अभेद्य कवच नव्हे. वर पाटी लावून खाली सरकारी काम केलं तर ते सरकारीच. उलट नुसतं पदनाम लिहिलंय किंवा एक्सवर सरकारी खात्यांना मिळणारी करड्या रंगाची टिक आहे, एवढ्याने पेज सरकारी होत नाही. ती टिक कंपनीने दिलेली असते, कायद्याने नव्हे.

कमेंट काढणं आणि ब्लॉक करणं यात कायद्याच्या दृष्टीने फरक आहे?

आहे, आणि तो तुमच्या बाजूचा आहे. कमेंट काढली तर न्यायालय तेवढी एकच पोस्ट तपासतं. ब्लॉक मात्र पूर्ण पेजवर लागतो, म्हणजे मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोखालीही आणि पाणीकपातीच्या सूचनेखालीही. त्यामुळे ज्या ज्या पोस्टवर तुम्हाला लिहायचं होतं, त्यातली एखादी जरी सरकारी ठरली, तरी ब्लॉक अडचणीत येतो. खासगी आणि सरकारी पोस्ट एकाच पेजवर टाकणाऱ्या अधिकाऱ्याने ही जोखीम स्वतःहून ओढवून घेतलेली असते, असं निकालातच म्हटलं आहे.

पण ट्रम्प यांच्या खटल्यात ब्लॉक करणं घटनाबाह्य ठरलं होतं ना?

ठरलं होतं. मे २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात आणि जुलै २०१९ मध्ये सेकंड सर्किटमध्ये (सर्किट म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या खालचं फेडरल अपील न्यायालय). पण ट्रम्प यांचं खातं ट्विटरने बंद केलं, त्यांचा कार्यकाळ संपला, आणि एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाद उरला नाही म्हणून तो निकाल रद्द केला. आज पत्रात त्याचा आधार दिलात तर समोरचा वकील पहिल्याच परिच्छेदात तुम्हाला गारद करेल. आधार 'लिंडके'चाच द्या.

आम्ही पालक आहोत. बोर्डाच्या सदस्याच्या प्रत्येक पोस्टखाली तोच प्रश्न विचारत राहिलो तर?

सॅन डिएगोजवळच्या पोवे स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये हेच घडलं. एका पालक दांपत्याने एका सदस्येच्या ४२ फेसबुक पोस्टखाली जवळपास सारखीच कमेंट टाकली आणि ट्विटरवर दहा मिनिटांच्या आत २२६ वेळा तेच उत्तर चिकटवलं. आधी कमेंट काढल्या गेल्या, मग ब्लॉक. 'ओ'कॉनर-रॅटक्लिफ विरुद्ध गार्निअर' हा खटलाही 'लिंडके'च्याच दिवशी नव्या कसोटीसाठी परत पाठवला गेला.

आमचं मत स्पष्ट आहे: असं करू नका. प्रश्न कितीही रास्त असला तरी कॉपी-पेस्टचा मारा केला की समोरच्याला 'मत नव्हे, स्पॅम अडवला' असं म्हणायला जागा मिळते. एका पोस्टखाली, त्या पोस्टच्या विषयाला धरून, एकदाच आणि नेमकं विचारा. काढलं गेलं तर पुरावा स्वच्छ राहतो.

निवडणूक प्रचाराचं पेज असेल तर?

प्रचार हे सरकारी काम नाही. मिसुरीतल्या एका राज्य प्रतिनिधीचं ट्विटर खातं प्रचाराचंच राहिलं असं मानून एट्थ सर्किटने २०२१ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. मात्र निवडून आल्यावर त्याच पेजवरून पदाचं काम सुरू झालं, तर वरची कसोटी पुन्हा लागू होते. फेसबुक पेजच्या 'पेज ट्रान्सपरन्सी' भागात पेज कधी सुरू झालं आणि नाव कधी बदललं हे दिसतं. 'अमुक फॉर मेयर'चं 'मेयर अमुक' कोणत्या तारखेला झालं, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

फेसबुकनेच माझी कमेंट काढली तर?

कंपनी खासगी आहे, पहिली घटनादुरुस्ती तिला लागू नाही. तिच्याकडेच अपील करा.

म्यूट केलं असेल तर? किंवा सगळ्यांच्याच कमेंट बंद केल्या तर?

दोन्ही चालतं. तुम्हाला बोलण्याचा हक्क आहे, त्यांनी ऐकलंच पाहिजे असा नाही. आणि कमेंट सरसकट बंद करताना कुणाच्या मताकडे बघितलेलं नसतं.

कोणत्या कमेंट त्यांना कायदेशीरपणे काढता येतात?

खरी धमकी, अश्लील मजकूर, हिंसेला तात्काळ चिथावणी, कुणाचा खासगी पत्ता किंवा फोन, जाहिराती, आणि धोरणात लिहिलेलं असून सगळ्यांना सारखं लावलेलं असेल तर विषय सोडून केलेलं लिखाण. नुसतं कडवट, झोंबणारं किंवा अपमानास्पद आहे म्हणून सरकारी पेजवरून काढता येत नाही. 'आक्षेपार्ह' हा शब्दच मताकडे बघून वापरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ आणि २०१९ च्या ट्रेडमार्कविषयक निकालांत मान्य केलं आहे.

शब्दांची चाळणी हा आडमार्गही तपासा. एनआयएच या केंद्रीय आरोग्य संशोधन संस्थेने 'अ‍ॅनिमल', 'टेस्टिंग', 'क्रूअल' असे शब्द असलेल्या कमेंट आपोआप लपवल्या होत्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांविषयीच्या पोस्टखालीसुद्धा! जुलै २०२४ मध्ये डी.सी. सर्किटने ती चाळणी घटनाबाह्य ठरवली. सरकारी संस्थेचंच पेज असेल तर 'लिंडके'ची कसोटी लावायची गरजच पडत नाही, आणि असे दावे तुलनेने सोपे असतात.

ब्लॉक झालंय हे कसं ओळखायचं आणि पहिल्या दिवशी काय करायचं?

फेसबुक पेजने बंदी घातली की पेज पुष्कळदा दिसत राहतं, पण लाइक आणि कमेंट करता येत नाही. कमेंट 'लपवली' असेल तर ओळखणं आणखी कठीण. तुम्हाला आणि तुमच्या मित्रयादीला ती दिसते, इतरांना नाही. तेव्हा मित्रयादीत नसलेल्या शेजाऱ्याच्या फोनवर बघा. एक्सवर नोव्हेंबर २०२४ पासून ब्लॉक झालेल्यालाही सार्वजनिक पोस्ट वाचता येतात, उत्तर देता येत नाही. 'वाचता येतं ना, मग तक्रार कसली?' असं कुणी म्हणालं तर पोर्ट ह्युरॉनची आठवण करून द्या. तिथेही वाचता येतच होतं.

मग लगेच, त्याच संध्याकाळी:

पोस्टवरच्या तारीख-वेळेवर क्लिक करा म्हणजे त्या पोस्टचा कायमचा पत्ता उघडतो. तो पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट लॅपटॉपवर काढा आणि तेच पान पीडीएफ म्हणूनही जतन करा. फोनवरचा कापलेला स्क्रीनशॉट ही सगळ्यात नेहमीची चूक. त्यात कोणती पोस्ट, कधीची, हेच सिद्ध होत नाही.

पेजचा माहितीचा रकाना, कव्हर फोटो आणि गेल्या काही महिन्यांतल्या सरकारी वाटणाऱ्या सगळ्या पोस्ट जतन करा. पत्र गेल्यावर हे रातोरात बदलू शकतं.

तुमची कमेंट शब्दशः लिहून ठेवा. अधिकाऱ्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांच्या आणि त्याची स्तुती करणाऱ्यांच्या कमेंट तशाच राहिल्या असतील तर त्या आवर्जून टिपा. मताकडे बघून भेदभाव झाला हे दाखवणारा याहून चांगला पुरावा नाही.

दुसरं खोटं खातं काढून तिथे लिहायला जाऊ नका, आणि स्वतःच्या जुन्या कमेंट काढू नका.

पत्र कोणाला आणि काय लिहायचं?

अधिकाऱ्याला ईमेल, आणि प्रत सिटी अटर्नीला, म्हणजे शहराच्या वकिलाला. ही प्रतच काम करते, कारण दाव्याचा खर्च कोणावर येणार हे वकिलाला ठाऊक असतं. चार गोष्टी पुरेत: अमुक तारखेला अमुक पोस्टखाली मी हे लिहिलं, अमुक तारखेपासून मला लिहिता येत नाही, ती पोस्ट अमुक कलमाखालच्या तुमच्या अधिकारातली होती, १४ दिवसांत ब्लॉक काढावा आणि तसं लेखी कळवावं. राग एका ओळीतही नको. हे पत्र पुढे न्यायाधीश वाचणार आहे असं समजून लिहा.

इथे माहिती अधिकारासारखं काही आहे का?

प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा आहे. न्यू जर्सीत ओपीआरए, सर्वसाधारण मुदत सात कामकाजाचे दिवस. न्यूयॉर्कमध्ये फॉइल, पाच कामकाजाच्या दिवसांत पोच. कॅलिफोर्नियात दहा दिवसांत निर्णय. मागायचं काय? ब्लॉक केलेल्या खात्यांची यादी, सोशल मीडिया धोरण, लपवायच्या शब्दांची यादी, पेज कोणते कर्मचारी चालवतात आणि त्याविषयीचे ईमेल. २०१७ मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने अशाच अर्जांतून गव्हर्नर आणि केंद्रीय संस्थांनी ब्लॉक केलेली जवळपास १,३०० खाती उजेडात आणली होती.

दावा कुठे, किती मुदतीत आणि किती खर्चात?

राज्य किंवा स्थानिक अधिकाऱ्याविरुद्ध फेडरल जिल्हा न्यायालयात, सेक्शन १९८३ खाली (घटनेने दिलेला हक्क मोडणाऱ्या अशा अधिकाऱ्यावर दावा करू देणारा केंद्रीय कायदा). मुदत राज्यातल्या शारीरिक इजेच्या दाव्याएवढी: न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास आणि इलिनॉय इथे दोन वर्षं, न्यूयॉर्क आणि मिशिगनमध्ये तीन. दाखल करायची फी ४०५ डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. दावा दाखल झाल्यावर ९० दिवसांत समन्स बजावावं लागतं, प्रतिवादीला उत्तराला २१ दिवस मिळतात. एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या राज्यातल्या शाखेला आधी विचारा. ते प्रत्येक प्रकरण घेत नाहीत, पण पुरावा नीट लावलेला असेल तर निदान वाचतात.

अधिकाऱ्याच्या खिशातून मोठी भरपाई मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. कायदा त्या वेळी पुरेसा स्पष्ट नव्हता असं म्हणून ते भरपाईतून सुटू शकतात. ब्लॉक काढायचा हुकूम मागायला मात्र हा बचाव आड येत नाही.

दावा लावल्यावर त्यांनी गुपचूप ब्लॉक काढला तर?

बहुतेक वेळा हेच होतं, आणि नवख्यांचा दावा इथेच बुडतो. फक्त मनाई हुकूम (म्हणजे ब्लॉक काढायचा हुकूम) मागितला असेल तर 'आता वाद उरला नाही' म्हणून प्रकरण निकाली निघू शकतं. म्हणून दाव्यात पहिल्या दिवसापासून एक डॉलरची नाममात्र भरपाई मागा. झालेल्या हक्कभंगासाठी एवढी मागणीसुद्धा दावा जिवंत ठेवते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये 'उझुएग्बुनाम' खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं. ब्लॉक किती काळ होता हा मुद्दाही गौण आहे. व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीच्या कारभारी मंडळाच्या अध्यक्षांनी एका रहिवाशाला जेमतेम बारा तास अडवलं होतं, तरी २०१९ मध्ये फोर्थ सर्किटने हक्कभंग मान्य केला. (ती कसोटी 'लिंडके'च्या आधीची होती.)

वकिलाच्या फीचं गणितही आता बदललं आहे. जिंकणाऱ्याची फी सेक्शन १९८८ खाली हरणारा देतो. पण फेब्रुवारी २०२५ च्या 'लॅकी विरुद्ध स्टिनी' निकालानुसार, तात्पुरता मनाई हुकूम मिळाला आणि अंतिम निकालाआधीच वाद संपला, तर तुम्ही 'जिंकलेले' धरले जात नाही. वकिलाशी फीचा करार करताना हा मुद्दा स्वतःहून काढा.

मी एच-१बीवर आहे, मतदारही नाही. मला हक्क आहे का?

आहे. इथे राहणाऱ्या परदेशी नागरिकालाही भाषणस्वातंत्र्य आहे, हे १९४५ च्या 'ब्रिजेस विरुद्ध विक्सन' निकालात म्हटलं आहे. मतदार असण्याची अटही नाही. तरी व्यवहार सांभाळा. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती विचारली जातात आणि डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या ऑनलाइन वावराचीही तपासणी होते. स्टॅम्पिंग जवळ आलं असेल तर दाव्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. पत्र आणि माहितीचा अर्ज मात्र खुशाल करा.

काँग्रेस सदस्याने ब्लॉक केलं तर?

सेक्शन १९८३ केंद्रीय पदाधिकाऱ्यांना लागू नाही, पण फक्त ब्लॉक काढून मागणारा दावा थेट घटनेच्या आधारे करता येतो. २०१९ मध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी अशाच दाव्यानंतर माफी मागून एका माजी राज्य प्रतिनिधीला अनब्लॉक केलं होतं.

महाराष्ट्रातल्या आमदाराने किंवा महापालिकेने ब्लॉक केलं तर?

भारतात 'लिंडके'सारखी ठरलेली कसोटी नाही. आधार संविधानाच्या कलम १९(१)(अ) चा, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, आणि मार्ग कलम २२६ खाली उच्च न्यायालयाचा. ३ जानेवारी २०२३ च्या 'कौशल किशोर' निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दोन गोष्टी सांगितल्या. कलम १९ आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) चे हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही मागता येतात. आणि मंत्र्याचं विधान सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वाने सरकारच्या माथी मारता येत नाही. पहिली गोष्ट नागरिकाच्या कामाची, दुसरी लोकप्रतिनिधीच्या.

महापालिकेच्या अधिकृत हँडलने ब्लॉक केलं असेल तर आधी माहिती अधिकारात अर्ज करा: धोरण काय, यादी कोणती, निर्णय कोणाचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, सोबत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. हा हक्क फक्त भारतीय नागरिकाला आहे. अमेरिकन पासपोर्ट घेतलेल्या ओसीआय कार्डधारकाला तो अर्ज करता येत नाही. अशा वेळी पुण्यातल्या भावाने किंवा बहिणीने स्वतःच्या नावाने करावा.